अब्बांची कवळी आणि सूरए नास

फज्रच्या नमाजनंतर अब्बांच्या तिलावतीचा आवाज घरात येतो, हे मला कळायला लागल्यापासून ठाऊक आहे. लग्नानंतर मी त्याच इमारतीत दोन मजले वर राहायला आले, तरी खिडकी उघडी असली की तो आवाज वरपर्यंत येई. गेल्या वर्षी रमजानच्या महिना-दीड महिना आधी तो बंद झाला. अब्बा कुरआन शरीफ उघडून बसत, बोट ओळीवरून सरके, ओठही हलत, पण आवाज नाही. मी विचारलं तर म्हणाले, "घसा बरा नाही, बेटा."

खरं कारण माझ्या धाकट्याने सांगितलं. तो संध्याकाळी नानांकडे सबक घेतो. "अम्मी, नाना सूरए नास वाचतात ना, तेव्हा त्यांचे दात टक टक वाजतात. मला हसू आलं. तेव्हापासून ते मोठ्याने वाचतच नाहीत."

सूरए नासच्या सहाही आयती 'सीन'वर संपतात. प्रत्येक आयतीच्या शेवटी एकदा टक. पोराला रागावण्यात अर्थ नव्हता. आठ वर्षांचं पोर हसणारच. पण पंचाहत्तरीच्या माणसाला नातवासमोर किती ओशाळं वाटलं असेल, या विचाराने मला रात्रभर झोप लागली नाही. कारण ती कवळी मीच करून दिली होती, आणि हौसेने, "डिजिटल" करून दिली होती.

त्याआधीची कवळी चौदा वर्षांची. दात झिजून सपाट झालेले, खालची तर जेवताना जिभेवर तरंगायची. दादरच्या बाजूला एका दवाखान्याची जाहिरात वाचली: कॉम्प्युटरवर बनवलेली कवळी, मायक्रॉनपर्यंत अचूक, दोन-तीन भेटींत काम पुरं. नाव मी लिहीत नाही, कारण मुद्दा त्या एका दवाखान्याचा नाही. माझ्या पगाराच्या निम्म्याहून अधिक पैसे गेले. अब्बा एरवी मुलीचे पैसे खर्च होतात म्हटलं की कुरकुर करतात, पण "मशीनवर बनते" हे ऐकल्यावर लगेच तयार झाले.

त्यालाही कारण आहे. अब्बा फिटर. परळच्या एका गिरणीत ते वर्कशॉपमध्ये होते, १९८२च्या संपानंतर लालबागच्या एका छोट्या कारखान्यात लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. आयुष्यभर लोखंडाला लोखंड बसवलं. त्यांच्या बोलण्यात अजून 'सूत' आणि 'थाऊ' येतात. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, मायक्रॉनच्या हिशेबात साधारण पंचवीस. दवाखान्यातल्या मुलीने "पन्नास-शंभर मायक्रॉन" म्हटल्यावर अब्बांनी मनात भागाकार केला आणि माझ्याकडे बघून मान डोलावली. "दोन ते चार थाऊ. चांगलं काम आहे."

कवळी आली. दिसायला फार सुंदर. आणि पहिल्याच आठवड्यात खालच्या हिरडीला दोन जखमा झाल्या, वरची जांभई दिली की सुटू लागली, आणि बोलताना ते टक टक. भाकरी बंद झाली. अम्मी त्यांच्यासाठी सांदण आणि पेज करू लागली. परत दाखवायला गेलो तेव्हा एकदा थोडं घासून दिलं, दुसऱ्यांदा सांगितलं, "काकांना सवय नाही, होईल. मशीनचं काम आहे, चूक असूच शकत नाही." त्यानंतर कवळी पाण्याच्या डबीत गेली, आणि जुनी झिजलेली तोंडात. पण दोन महिने नवीन कवळीशी झगडल्यावर जुनीही नीट बसेना.

मग मी शाळेतल्या शिक्षिकेच्या सवयीने वाचायला बसले, दोन-तीन जाणत्या डॉक्टरांना प्रश्न विचारले. जे कळलं ते इथे मांडते, कारण आपल्या बहुतेक घरांत कुणाची तरी अम्मी, सासू, चाचा अशी डबीत ठेवलेली कवळी घेऊन बसलेले आहेत.

आधी जुनी पद्धत. तोंडाचं माप घेतात, त्यावरून दगडी प्लास्टरचा साचा, त्यावर मेणाची कवळी, तिच्यात दात लावतात. मग सगळं एका धातूच्या डब्यात प्लास्टरमध्ये गाडायचं, मेण वितळवून काढायचं आणि त्या पोकळीत अ‍ॅक्रिलिकची पावडर आणि द्रव यांचं पीठ दाबून गरम पाण्यात शिजवायचं. १९३०च्या दशकाच्या अखेरीपासून जगभर हेच चाललं आहे. त्याआधी व्हल्कनाइट नावाचं कडक रबर असे, त्याच्याही आधी हस्तिदंत कोरून दात करत. अ‍ॅक्रिलिकची एक खोड आहे. ते घट्ट होताना आकसतं. नेहमीच्या प्रमाणात मिसळलं तर आकारमानात सात टक्क्यांच्या आसपास. लांबी-रुंदीत हा फरक अर्ध्या टक्क्यापर्यंतच असतो, पण तो नेमका टाळूच्या मागच्या बाजूला, मधोमध दिसतो. तिथे कवळी टाळूपासून किंचित उचलली जाते. वरच्या कवळीची सगळी पकड ज्या कडेवर असते तीच ही कड.

नव्या पद्धतीत हा आकसण्याचा भाग टळतो. मिलिंग म्हणजे कोरीव काम. अ‍ॅक्रिलिकची साधारण ९८ मिलिमीटर व्यासाची जाड चकती कारखान्यातच भरपूर दाबाखाली आणि उष्णतेत पक्की करून येते. जे आकसायचं ते आधीच आकसलेलं. कॉम्प्युटरमधल्या आराखड्याप्रमाणे मशीन त्यातून कवळीचा तळ कोरून काढतं. हे अब्बांना समजावताना मला काही कष्ट पडले नाहीत, ते म्हणाले, "ओतीव काम आणि मशीन काम यात जो फरक, तोच." दुसरी पद्धत थ्री-डी प्रिंटिंगची. द्रव रेझिनचे पन्नास किंवा शंभर मायक्रॉनचे थर प्रकाशाने एकावर एक पक्के करत जायचे, मग धुवायचं, मग पुन्हा प्रकाशात भाजायचं. ही स्वस्त पडते, पटकन होते. पण कोणत्या कोनात छापली, नंतर किती वेळ प्रकाशात ठेवली, यावर तिची अचूकता आणि मजबुती बदलते. आतापर्यंतच्या तुलनांमध्ये आराखड्याशी जुळण्याच्या बाबतीत कोरलेली कवळी बहुतेक वेळा सरस ठरली आहे. छापलेल्या कवळ्यांचे निकाल एकसारखे नाहीत. दोन्हींना सरसकट "डिजिटल कवळी" म्हणतात, म्हणून गिऱ्हाइकाला फरक कळत नाही. आमची कोणती होती हे मी त्या वेळी विचारलंच नव्हतं. नंतर कळलं, छापलेली.

हे सगळं मी अब्बांना सांगितलं आणि म्हटलं, मग प्रिंटरचीच चूक असेल. त्यांनी डबीतून कवळी काढली, चष्मा लावला, बोटाने कडा चाचपल्या, उजेडात धरून पाहिली. म्हणाले, "नाही. जॉब ड्रॉइंगप्रमाणेच झालाय. ड्रॉइंग चुकलंय."

मला वाटतं, या विषयावर मी जे काही वाचलं त्याचा गाभा हाच आहे. "मायक्रॉनपर्यंत अचूक" म्हणजे कशाशी अचूक? कॉम्प्युटरमधल्या आराखड्याशी. तोंडाशी नव्हे. आराखडा आणि तोंड यांच्यात जी तफावत राहिली ती मशीन तितक्याच इमानदारीने कोरून देतं.

आणि तोंड काही लोखंड नाही. हिरडीवरची कातडी दाबली की मिलिमीटरच्या काही दशांशांनी दबते, कुठे कमी, कुठे जास्त. गाल, ओठ, जीभ हलली की हिरडीच्या मुळाशी असलेले पडदे वरखाली होतात. कवळीची कड त्यांच्या आड आली तर ते तिला ढकलून देतात, आणि कड आखूड राहिली तर हवा आत शिरते. म्हणून चांगलं माप घेताना डॉक्टर तयार ट्रे तोंडात कोंबून मोकळे होत नाहीत. आधी एक ढोबळ माप, त्यावरून त्या माणसाच्याच जबड्यासाठी बनवलेला ट्रे, मग हिरव्या रंगाची मेणासारखी कांडी गरम करून ट्रेच्या कडेला लावतात आणि माणसाला ओठ पुढे काढायला, गाल हलवायला, जीभ बाहेर काढायला लावतात. कडांचा आकार त्याच्या हालचालींनीच घडतो. "आ" म्हणायला लावून मऊ टाळू कुठून हलायला लागतो ती रेषा बघतात. वरच्या कवळीने तिथेच थांबायचं असतं.

तोंडात छोटा कॅमेरा फिरवून माप घेण्याची सोय आली आहे, आणि एक-दोन दातांच्या कॅपसाठी ती उत्तम आहे. पण पूर्ण दात गेलेल्या तोंडात तिची अडचण होते. स्कॅनर अनेक छोटी चित्रं एकमेकांना जोडत जातो, आणि जोडायला खाणाखुणा लागतात. दात असले की त्या भरपूर मिळतात. ओली, चकचकीत, सपाट हिरडी म्हणजे वाळवंट. शिवाय हलत्या कडांचं काय? म्हणून पूर्ण कवळीसाठी अजूनही पुष्कळ तज्ज्ञ हातानेच माप घेतात आणि मग ते माप स्कॅन करतात.

कवळी टिकते कशाने? चिकटपट्टीने नाही, वजनानेही नाही. लाळेच्या पातळ थराने. दोन ओल्या काचा एकमेकींवर ठेवल्या तर ओढून सुटत नाहीत, सरकवाव्या लागतात, तसं. फट जितकी बारीक आणि सारखी, पकड तितकी चांगली. इथेच मशीनच्या अचूकतेचा खरा फायदा होतो, आणि तो वरच्या कवळीला जास्त होतो. वरचीला टेकायला साधारण २३ चौरस सेंटिमीटर जागा मिळते, खालचीला जेमतेम १२, आणि मध्ये वळवळणारी जीभ. त्यात खालचं हाडही लवकर झिजतं. आन्त्ये टालग्रेन या संशोधक बाईंनी कवळी लावणाऱ्या माणसांची पंचवीस वर्षं मापं घेतली आणि १९७२ मध्ये ती प्रसिद्ध केली. पुढच्या भागात खालच्या जबड्याची झीज वरच्याच्या सुमारे चौपट होती. म्हणजे "खालची बसत नाही" ही तक्रार माणसाच्या हेकटपणाची नसते. तिला कारण आहे. परवडत असेल आणि तब्येत साथ देत असेल तर खालच्या जबड्यात दोन इम्प्लांट बसवून त्यावर कवळी अडकवणं हा चांगला उपाय आहे. २००२ मध्ये कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी खालच्या जबड्यासाठी तोच पहिला पर्याय असावा असं म्हटलं होतं. अब्बांनी त्याला साफ नकार दिला. हाडात स्क्रू म्हणताच त्यांनी विषय बदलला.

लाळेवरून आणखी एक. रक्तदाबाच्या, नैराश्याच्या, सर्दी-अ‍ॅलर्जीच्या बऱ्याच गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं, आणि मधुमेहानेही. रमजानमध्ये असरपर्यंत कुणाचंही तोंड सुकतं. सकाळी घट्ट बसणारी कवळी दुपारी ढिली वाटली तर ती लगेच बिघडली असं समजू नये.

आता त्या टक टककडे येते. माप कितीही बरोबर असलं तरी दुसरी एक गोष्ट राहते: वरचा आणि खालचा जबडा एकमेकांपासून किती अंतरावर मिटतात ते. दात असताना ते अंतर दातच ठरवतात. दात गेले की ते हरवतं आणि डॉक्टरला अंदाजाने परत शोधावं लागतं, मेणाचे कठडे तोंडात ठेवून, चेहरा बघून, बोलायला लावून. आपण स्वस्थ बसलो असताना वरचे-खालचे दात टेकलेले नसतात, त्यांच्यात दोन ते चार मिलिमीटर मोकळी जागा असते. 'स' म्हणताना दात सगळ्यात जवळ येतात, तरी टेकत नाहीत. कवळी उंच झाली की ही मोकळी जागाच संपते आणि प्रत्येक 'स'ला दातावर दात आपटतो. उलट ती बुटकी झाली तर गाल आत जातात, तोंडाच्या कोपऱ्यांना चिरा पडतात आणि माणूस आहे त्याहून म्हातारा दिसतो. ही उंची कोणतंही मशीन ठरवत नाही. आमच्याकडे ती पहिल्याच भेटीत, दहा मिनिटांत ठरवली होती, तीही माझ्यासमोर. मला तेव्हा डॉक्टर किती चपळ आहेत असं वाटलं होतं!

दात आणि उच्चार यांचं नातं आपल्या मुलांना मकतबमध्येच शिकवलं जातं, फक्त आपण त्याचा या बाजूने विचार करत नाही. मखारिजचा धडा आठवा. से, ज़ाल, ज़ोय यांत जिभेचं टोक वरच्या पुढच्या दातांच्या कडेला लागायला हवं. फेसाठी वरच्या दातांची कड खालच्या ओठाच्या आतल्या बाजूला. उर्दू बोलताना आपण से आणि सीन सारखेच म्हणतो, त्यामुळे चालून जातं. तिलावतीत चालत नाही. सूरए फातिहात से, ज़ोय आणि फे एकदाही येत नाहीत, ज़ाल मात्र एकदा येतो, आणि नमाजच्या प्रत्येक रकातमध्ये तो म्हणावा लागतो. पुढचे दात दोन मिलिमीटर आत किंवा बाहेर बसवले की जीभ आपली जुनी जागा शोधत राहते. दातांचे डॉक्टरही हीच परीक्षा घेतात. 'फ' आणि 'व' म्हणायला लावून वरच्या दातांची लांबी बघतात, 'स' म्हणायला लावून उंची. इंग्रजी पुस्तकांत साठपासून पुढचे आकडे मोजायला सांगितलेले असतात.

एका सहकारी शिक्षिकेने दुसऱ्या डॉक्टरांचं नाव सुचवलं. गिरगावात छोटासा दवाखाना, एम.डी.एस. झालेले, कवळी आणि कॅप हाच त्यांचा विषय. अशा तज्ज्ञांना प्रॉस्थोडॉन्टिस्ट म्हणतात. हा शब्द लक्षात ठेवण्यासारखा आहे. अब्बा यायला तयार नव्हते. "पुन्हा पैसे घालवू नकोस" हे एक, आणि मनात असलेलं दुसरं, की आपलंच तोंड खराब आहे. डॉक्टरांनी आधीची कवळी तोंडात बसवून पाहिली, मग अब्बांना विचारलं, "काका, तुम्हाला बोलताना सगळ्यात जास्त त्रास कधी होतो?" अब्बा गप्प. मीच सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "मग तेच म्हणून दाखवा ना." अब्बांनी माझ्याकडे पाहिलं. मी उठून बाहेरच्या बाकावर जाऊन बसले. दार अर्धवट उघडं होतं. खुर्चीवर रेललेल्या अब्बांनी हलक्या आवाजात सूरए नास वाचली. सहा आयती, सहा वेळा टक.

पुढे पाच भेटी झाल्या. ढोबळ माप, खास ट्रे आणि हिरवी कांडी, मेणाच्या कठड्यांवर उंची, मग दात लावून चाचणी. चाचणीची कवळी छापलेलीच होती, पांढरी, स्वस्तातली, फक्त तोंडात घालून पाहण्यासाठी. हा छपाईचा मला सगळ्यात पटलेला उपयोग. त्या चाचणीच्या कवळीवर अब्बांनी सूरए नास पुन्हा वाचली, या वेळी मला बाहेर जायला न सांगता, म्हणजे मी गेलेच नाही. दोनदा टक झालं. डॉक्टरांनी कॉम्प्युटरमध्ये उंची कमी केली, पुढचे दात किंचित बाहेर घेतले. शेवटची कवळी मात्र चकतीतून कोरलेली. तिच्यावरही नंतर तीन वेळा काम करावं लागलं. तोंडात पेस्ट लावून कुठे जास्त दाब येतो ते बघायचं आणि तेवढंच घासायचं. पहिल्या रात्रीनंतर दुसऱ्या दिवशीच बोलावलं होतं. पहिल्या दवाखान्यात आम्हाला "महिन्याने या" सांगितलं होतं.

आता खरं तेच लिहिते. वरची घट्ट आहे. खालची अजून थोडी हलते, आणि आयुष्यभर हलणार. अब्बा शेंगदाणे खात नाहीत. भाकरी कालवणात भिजवून खातात, मटण बारीक करून. ज़ाल पूर्वीसारखा निघत नाही असं ते स्वतः म्हणतात, मला तरी फरक ऐकू येत नाही. टक टक नाही.

भगिनींनो, पैशांबद्दल. दोन्ही मिळून आमचा जो खर्च झाला तो प्रत्येकाला झेपणार नाही, आणि झेपायलाच हवा असंही नाही. मुंबई सेंट्रलला महापालिकेचं नायर रुग्णालय दंत महाविद्यालय १९३३ पासून आहे. सीएसएमटीजवळ सेंट जॉर्जेस रुग्णालयाच्या आवारात शासकीय दंत महाविद्यालय आहे. दोन्हीकडे शिकणारी मुलं शिक्षकांच्या देखरेखीखाली कवळ्या बनवतात, खासगी दवाखान्याच्या मानाने खर्च फार कमी. फेऱ्या जास्त, रांगा लांब, पण माप टप्प्याटप्प्याने घ्यायला शिकवतात ते अशाच ठिकाणी. पद्धत जुनी असेल, अ‍ॅक्रिलिक आकसेल, तरी नीट घेतलेल्या मापाची जुनी कवळी घाईने घेतलेल्या मापाच्या नव्या कवळीपेक्षा चांगली बसते, हे मी आता पैजेवर सांगेन. कर्करोगाच्या शस्त्रक्रियेत टाळूचा भाग गेलेल्यांसाठी परळच्या टाटा रुग्णालयात टाळूचं छिद्र बंद करणारी कवळी करून देणारा विभाग आहे. आपल्या कोकणातल्या बायकांच्या बोटावर अजून मिश्री असते, म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

डिजिटलच करायची असेल तर आधी विचारून घ्या: कोरलेली की छापलेली, माप कसं घेणार, दात लावून चाचणी होणार का, बसवल्यावर किती वेळा घासून देणार आणि त्याचे पैसे वेगळे का. आणि फाइल मागा. या पद्धतीची मोठी सोय तीच आहे. रुग्णालयात भरती झालेल्या म्हाताऱ्या माणसाची कवळी उशीखाली, टिश्यू पेपरात, जेवणाच्या ताटात हरवते. फाइल असली तर पुन्हा तोंडात माप न घेता तशीच दुसरी बनते. मात्र पाच-सात वर्षांत हाड झिजतं, तेव्हा जुन्या फाइलची कवळी जुन्या तोंडाला बसेल, आजच्या नाही. जुनी कवळी सवयीची आणि आवडती असेल तर ती सोबत न्या. तिचं स्कॅन करून दातांची जागा तशीच ठेवता येते. घरी कवळी पॉलिश पेपरने घासू नका, तुटली तर झटपट चिकटणाऱ्या गोंदाने जोडू नका, गरम पाण्यात टाकू नका. रात्री काढून साध्या पाण्यात ठेवा.

वुजू आणि गुसलबद्दल अब्बांनीही विचारलं होतं. हनफी मसलकमध्ये वुजूत कुल्ली सुन्नत आहे आणि फर्ज गुसलमध्ये फर्ज, तेव्हा काढता येणारी कवळी अशा गुसलला काढून तोंड धुवावं असं आलिम सांगतात. आपल्या कोकणी घरांत बहुतेक शाफई आहेत, त्यांच्याकडे कुल्ली दोन्हीकडे सुन्नत आहे. रोज्यात कवळी तोंडात ठेवण्याबद्दल आणि विशेषतः ती चिकटवण्याच्या पेस्टबद्दल आपल्या इमामसाहेबांना विचारा, पेस्ट थोडी घशात उतरते. कृत्रिम दात लावणं मुळात चालतं का, अशी शंका एका वाचक भगिनीने मागे कळवली होती. हजरत अरफजा यांचं नाक लढाईत गेलं, चांदीचं लावलं तर त्याला दुर्गंधी येऊ लागली, तेव्हा रसूलुल्लाह सल्लल्लाहु अलैहि वसल्लम यांनी त्यांना सोन्याचं लावायला सांगितलं, ही हदीस अबू दाऊद आणि तिरमिजीत आहे. आणि कुर्तुबाच्या अल-जहरावींनी हजार वर्षांपूर्वी गायीबैलाच्या हाडातून दात कोरून सोन्याच्या तारेने बांधण्याची रीत आपल्या ग्रंथात लिहून ठेवली होती.

अब्बांच्या कवळीची फाइल आता एका पेन ड्राइव्हमध्ये आहे. ती त्यांनी कपाटाच्या त्याच खणात ठेवली आहे, जिथे गिरणीतला मायक्रोमीटर फडक्यात गुंडाळून ठेवलेला असतो. पहिली छापलेली कवळीही तिथेच आहे. मी टाकून द्यायला निघाले तर म्हणाले, "राहू दे. काम चांगलं आहे त्याचं." परवा सकाळी धाकट्याला खाली पाठवलं तेव्हा दोघांचा सबक चालू होता, आणि नाना त्याच्या 'से'ची चूक काढत होते.